स्वातंत्र्य नको, वाटा हवा: ऑस्ट्रियातल्या स्लावांची सत्तर वर्षांची मागणी

प्रश्न असा आहे: हॅब्सबर्ग घराण्याच्या ऑस्ट्रियन साम्राज्यात स्लाव (म्हणजे झेक, पोल, स्लोव्हाक, क्रोएट यांसारखे स्लाव भाषा बोलणारे लोक) एवढ्या मोठ्या संख्येनं होते, तरी १८४८ पासून जवळजवळ शेवटपर्यंत त्यांच्या पुढाऱ्यांनी स्वातंत्र्य न मागता स्वायत्तताच का मागितली? आणि सत्तर वर्षं मागूनही ती पदरात का पडली नाही? सोबत एक पुरवणी प्रश्न: या सगळ्यामागे रशियाची फूस होती का?

पुरवणी प्रश्न आधी घेतो. हा काळ मी एम.ए.च्या वर्गांना वर्षानुवर्षं शिकवतो आहे आणि ही शंका कोणी ना कोणी काढतंच. स्लाव म्हटलं की रशिया डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे शंका रास्त आहे. पण १८४८ चे कागद वाचायला घेतले की चित्र उलटं दिसतं. फूस सोडाच, रशियाची धास्ती हेच स्वायत्तता मागण्याचं पहिलं कारण होतं.

त्या वर्षी फ्रँकफर्टला जर्मन एकीकरणाची जुळवाजुळव चालली होती. बोहेमिया हा प्रागभोवतीचा झेक प्रदेश जर्मन राज्यसंघात मोडत असे, म्हणून फ्रँकफर्टच्या समितीनं प्रागच्या फ्रांतिशेक पालात्स्की या इतिहासकाराला बोलावणं धाडलं. पालात्स्कीनं ११ एप्रिलच्या पत्रात नकार कळवला. मी जर्मन नव्हे, स्लाव वंशाचा झेक आहे, तुमच्या राष्ट्रात माझं काम नाही, असा त्याचा सूर. याच पत्रात ते गाजलेलं विधान आहे: ऑस्ट्रियाचं राज्य मुळात नसतंच, तर युरोपच्या आणि मानवजातीच्या हितासाठी ते निर्माण करावं लागलं असतं. कारण त्यानं स्पष्ट दिलं आहे. डॅन्यूबच्या खोऱ्यात अनेक छोटी राष्ट्रं शेजारी शेजारी राहतात, त्यांपैकी एकट्यादुकट्यात रशियाला थोपवण्याची ताकद नाही. ती सुटी झाली की झारच्या घशात जाणार. पण पत्रात एक अटही होती, आणि उद्धृत करणारे ती हमखास गाळतात: या ऑस्ट्रियानं आपल्या सर्व राष्ट्रांना आणि धर्मांना समान हक्क द्यायला हवेत. निष्ठा होती, पण सशर्त होती.

पत्रकार कारेल हावलिचेकचा अनुभव तर आणखी बोलका. हा तरुण स्लाव बंधुभावानं भारून १८४३ मध्ये मॉस्कोला गेला, एका प्राध्यापकाच्या घरी शिकवणी करत राहिला आणि वर्षभरात पार विटून परतला. बंधुभावाच्या नावाखाली रशियन पोलंड गिळतात आणि पोल युक्रेन, हे त्यानं जवळून पाहिलं. १८४६ मध्ये त्यानं छापून टाकलं की आपण आधी झेक, स्लाव वगैरे नंतर. ऑस्ट्रियाच्या चौकटीत राहून स्लावांनी हक्क मिळवावेत या धोरणाला ‘ऑस्ट्रो-स्लाववाद’ म्हणतात, त्याचा पाया या दोघांनी घातला.

आता संख्याबळ. १९१० च्या शिरगणतीत साम्राज्याच्या ऑस्ट्रियन भागात (१८६७ नंतर ऑस्ट्रियन आणि हंगेरियन असे दोन भाग होते) जर्मन सुमारे ३६ टक्के होते, झेक २३, पोल १८, रुथेनियन म्हणजे आजचे युक्रेनियन १३, शिवाय स्लोव्हेन, सर्ब, क्रोएट. स्लाव मिळून साधारण साठ टक्के. मात्र ही बेरीज आपण कागदावर करतो. राजकारणात ती कधीच झाली नाही. आणि एकी नव्हती म्हणून हरले, हे नेहमीचं उत्तर मला अपुरं वाटतं. एकी का होऊ शकत नव्हती, हा खरा प्रश्न. माझ्या मते सगळं घोडं एकाच ठिकाणी अडलं: स्वायत्तता द्यायची ती नेमकी कोणत्या प्रदेशाला? जुन्या राज्याच्या सीमेला, की भाषा बोलणाऱ्या लोकांना? झेकांना बोहेमिया-मोराव्हिया-सायलेशियाचं जुनं राज्य अखंड हवं होतं, पण बोहेमियात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक जर्मन. पोलांना ईशान्येकडचा गॅलिशिया प्रांत अखंड हवा होता, पण त्याच्या पूर्वेकडे बहुसंख्य रुथेनियन. स्लोव्हेनांचं जुनं राज्यच नव्हतं, ते चार-पाच प्रांतांत विखुरलेले, म्हणून त्यांना भाषेच्या हिशेबानं नकाशा हवा होता. स्लोव्हाकांचं तेच. दोन्ही तत्त्वं न्याय्य आहेत, आणि एकत्र लागू करता येत नाहीत.

याची पहिली झलक जून १८४८ मध्ये प्रागच्या स्लाव परिषदेत दिसली. तीनशेच्या वर प्रतिनिधी जमले आणि त्यांनी तीन विभाग पाडले: झेक-स्लोव्हाक, पोल-रुथेनियन आणि दक्षिण स्लाव. मधल्या विभागात खरी कसोटी होती, कारण महिन्याभरापूर्वीच लव्होव्हला रुथेनियनांनी आपली परिषद स्थापून गॅलिशियाची फाळणी मागितली होती. तरी ७ जूनला दोघांनी समझोता केला, शाळा आणि कचेऱ्यांत दोन्ही भाषांना समान दर्जा, फाळणीचा विषय पुढं ढकलला. पाच दिवसांत प्रागच्या रस्त्यांवर दंगल उसळली. सेनापती विंडिशग्रेट्सनं शहरावर तोफा डागल्या (त्याची बायको खिडकीपाशी गोळी लागून आधीच मेली होती) आणि परिषद उधळली. समझोता कागदावरच राहिला.

दुसरी झलक मला अधिक मोलाची वाटते. ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नात उठाव झाल्यावर संसद मोराव्हियातल्या क्रोम्येर्झीझ या शांत गावी, आर्चबिशपच्या वाड्यात हलवली. तिथल्या घटना समितीत पालात्स्कीनं आधी जुन्या प्रांतांवर आधारित योजना मांडली. जानेवारी १८४९ मध्ये मात्र त्यानं पवित्रा बदलला आणि साम्राज्याचे आठ राष्ट्रीय गट सुचवले: जर्मन, झेक-स्लोव्हाक, पोल-रुथेनियन, स्लोव्हेन, इटालियन, दक्षिण स्लाव, हंगेरियन आणि रुमानियन. नकाशावर हे लावून बघा. हंगेरीतले स्लोव्हाक झेकांकडे आले म्हणजे हंगेरीचे तुकडे झाले, आणि बोहेमियाचे जर्मन काठ जर्मन गटाकडे गेले म्हणजे पालात्स्कीनं स्वतःच्या लाडक्या राज्याच्या सीमेवर पाणी सोडलं. झेक राजकारणात इतका मोठा त्याग नंतर कोणी सुचवला नाही. त्याच्या झेक सहकाऱ्यांनाच तो पचला नाही. समितीनं मधला मार्ग काढला: प्रांत जुनेच ठेवायचे, पण मोठ्या प्रांतांत भाषेनुसार जिल्हे पाडून त्यांना कारभार द्यायचा. मसुदा तयार झाला. संसदेतल्या सगळ्या राष्ट्रांचे लोक (हंगेरी त्यात नव्हता) बसून, भांडून, एकमतानं काढलेला साम्राज्याचा तो एकमेव आराखडा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अठरा वर्षांच्या नव्या सम्राटानं, फ्रांट्स जोसेफनं, सैनिक पाठवून संसद बंद केली आणि स्वतःची राज्यघटना वरून लादली. पुढं तीही १८५१ च्या अखेरीस रद्द केली.

यात कडवट भाग असा की सिंहासन वाचवलं होतं स्लावांनीच. क्रोएशियाचा बान (म्हणजे राज्यपाल) येलाचिच हंगेरियन क्रांतीवर चालून गेला, झेक खासदार उठावाच्या वेळी व्हिएन्ना सोडून राजाच्या बाजूनं उभे राहिले. बक्षीस काय मिळालं? हंगेरियन लोक क्रोएटांना म्हणत, आम्हाला जे शिक्षा म्हणून मिळालं तेच तुम्हाला इनाम म्हणून मिळालं. हावलिचेकला १८५१ च्या डिसेंबरात घरातून उचलून टायरोलमधल्या ब्रिक्सेनला हद्दपार केलं.

इथं विद्यार्थी लगेच आपल्या नेमस्त-जहालांशी तुलना करतात. पुढं झेकांमध्ये ‘जुने झेक’ आणि ‘तरुण झेक’ अशी फूट पडली, त्यामुळे मोह होतो. मी सावध करतो. तरुण झेकांनाही स्वातंत्र्य नको होतं, वाद होता तो मागायचं कसं आणि सोबतीला सरंजामदार घ्यायचे की नाहीत याचा. शिवाय यांचे खासदार साम्राज्याच्या संसदेत बसत, मंत्री होत. वसाहतीच्या मापानं हे मोजलं की हिशेब चुकतो.

१८६६ मध्ये प्रशियानं सादोवाला ऑस्ट्रियाचा पराभव केला आणि पुढच्या वर्षी हंगेरीशी तडजोड होऊन साम्राज्याचे दोन भाग झाले. हंगेरीला जमलं ते बोहेमियाला का नाही? हंगेरियन सरदारवर्ग संघटित होता, त्याच्या हाती जिल्ह्यांचा कारभार होता, १८४९ मध्ये त्यानं हॅब्सबर्ग सैन्याला एवढं जेरीस आणलं होतं की झारची मदत घ्यावी लागली. झेकांकडे उपद्रवमूल्य तेवढं नव्हतं, आणि बोहेमियातले जर्मन उद्योग व कर हातचे घालवायला व्हिएन्नाचे जर्मन तयार नव्हते. पालात्स्की आणि त्याचा जावई रीगर रागारागानं १८६७ मध्ये मॉस्कोच्या प्रदर्शनाला जाऊन आले. तो रुसवा होता, दिशाबदल नव्हे. त्याआधी दोन वर्षं पालात्स्कीनं लिहून ठेवलंच होतं: आम्ही ऑस्ट्रियाच्या आधी होतो, नंतरही असू.

झेकांच्या तोंडाशी घास आला तो १८७१ मध्ये. होहेनवार्ट पंतप्रधान असताना सप्टेंबरमध्ये सम्राटानं बोहेमियाच्या राज्याचे हक्क मान्य केले आणि प्रागला राज्याभिषेक करून घेण्याचं वचन दिलं. ऑक्टोबरमध्ये प्रागच्या विधिमंडळानं ‘मूलभूत कलमं’ मंजूर केली. त्यानुसार बोहेमियाचा बहुतेक अंतर्गत कारभार प्रागहून चालला असता. मग तिन्ही बाजूंनी दडपण आलं. व्हिएन्नाचे जर्मन खवळले, हंगेरीचा पंतप्रधान आंद्राशी म्हणाला की उद्या आमचे स्लावही हेच मागतील, आणि नुकतंच जन्मलेलं जर्मन साम्राज्य शेजारी उभं होतं. ऑक्टोबर संपायच्या आत सम्राटानं शब्द फिरवला. प्रागला त्याचा राज्याभिषेक कधीच झाला नाही.

झेकांनी व्हिएन्नाच्या संसदेवर १८६३ पासून बहिष्कार घातला होता, तो १८७९ पर्यंत चालला. माझं मत स्पष्ट आहे, ती सोळा वर्षं वाया गेली. त्याच काळात पोलांनी उलट केलं. १८६३ चा रशियाविरुद्धचा उठाव चिरडला गेल्यावर त्यांनी सम्राटाला ‘आम्ही तुमच्यापाशीच आहोत’ असं कळवलं, संसदेत सरकारला मतं दिली आणि मोबदल्यात एकेक वस्तू पदरात पाडून घेतली: शाळा, १८६९ मध्ये कचेऱ्यांत पोलिश भाषा, क्राकुव आणि लव्होव्हची विद्यापीठं, व्हिएन्नात गॅलिशियासाठी खास मंत्री. नाव न घेता मिळालेली ही खरीखुरी स्वायत्तता होती. तिची किंमत रुथेनियनांनी मोजली. १९०८ मध्ये एका युक्रेनियन विद्यार्थ्यानं गॅलिशियाचा पोलिश राज्यपाल पोटोत्स्की याला गोळ्या घातल्या, ती या स्वायत्ततेची दुसरी बाजू.

झेक अगदीच हात बांधून बसले होते असंही नाही. वरचं दार बंद म्हणून त्यांनी खालून शिरकाव केला: नगरपालिका, तालुका मंडळं, पतपेढ्या, सोकोल व्यायामसंघ. प्रागची नगरपालिका १८६१ मध्येच त्यांच्याकडे आली. लोकवर्गणीतून बांधलेलं राष्ट्रीय नाट्यगृह १८८१ मध्ये जळालं, तर पुन्हा वर्गणी काढून १८८३ मध्ये ते उभंही केलं. १८८२ मध्ये प्रागच्या विद्यापीठाचे झेक आणि जर्मन असे दोन भाग झाले.

आता बादेनी प्रकरण. स्वायत्ततेचं भांडण रोजच्या जगण्यात कुठं बोचत होतं हे पाहायचं तर याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. १८८० पासून बोहेमियात नियम असा की नागरिकानं झेकमध्ये अर्ज दिला तर उत्तर झेकमध्येच मिळालं पाहिजे. अर्ज मात्र आत गेला की जर्मन होई. टिपणं जर्मन, वरिष्ठ कचेरीशी पत्रव्यवहार जर्मन, न्यायाधीशांची आपसातली चर्चा जर्मन, आणि बाहेर येताना निकाल पुन्हा झेक. म्हणजे खिडकीवर झेक, टेबलावर जर्मन. ५ एप्रिल १८९७ ला पंतप्रधान काउंट बादेनी यानं (तो पोल होता) हुकूम काढला: ज्या भाषेत अर्ज, त्याच भाषेत त्याची आतली कार्यवाहीही. आणि १ जुलै १९०१ नंतर बोहेमियात नेमणूक हवी असेल तर दोन्ही भाषा येण्याचा दाखला द्यावा लागेल.

वरकरणी यात वावगं काही नाही. पण खेब किंवा लिबेरेत्सच्या जर्मन कारकुनाच्या जागी बसून बघा. त्याच्या गावात झेक कोणी बोलत नाही, त्याच्या पोरानं शाळेत झेक शिकलेलं नाही. उलट शिकलेल्या प्रत्येक झेक पोराला जर्मन येतंच. म्हणजे दहा वर्षांत सगळ्या कचेऱ्या झेक उमेदवारांनी भरणार. पोटापाण्याच्या या भीतीतून तो भडका उडाला, भाषेच्या अभिमानाचं तेल वरून पडलं. बादेनीला हे अंगावर घ्यायची गरजच काय होती? हंगेरीबरोबरचा दर दहा वर्षांचा आर्थिक करार नव्यानं मंजूर करून घ्यायचा होता, त्यासाठी त्याला तरुण झेकांची मतं हवी होती. हा सौदा होता.

जर्मन खासदारांनी कामकाज ठप्प केलं. बाकांची झाकणं आपटणं, शिट्ट्या, शाईच्या दौती. ऑटो लेहर नावाचा ब्रनोचा खासदार २८ ऑक्टोबरच्या रात्री उभा राहिला आणि बारा तास बोलला, तेही त्याच आर्थिक करारावर, विषय न सोडता. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन तेव्हा व्हिएन्नात होता, त्यानं हा गोंधळ सविस्तर लिहून ठेवला आहे. स्वतः पंतप्रधान बादेनी एका जर्मन राष्ट्रवादी खासदाराशी पिस्तुलांचं द्वंद्व खेळून जखमी झाला. बर्लिनचा थोर इतिहासकार मॉमसेन यानं व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात लिहिलं की झेकांच्या टाळक्यात अक्कल शिरत नाही, पण फटके त्यालाही कळतात. नोव्हेंबरच्या अखेरीस सभागृहात पोलीस घुसवून खासदार बाहेर काढले गेले, रस्ते पेटले आणि सम्राटानं बादेनीला घरी पाठवलं. मग झेक भडकले, प्रागमध्ये लष्करी कायदा पुकारावा लागला. दोन वर्षांनी हुकूम पूर्ण मागे घेतला. त्यानंतर ऑस्ट्रियाची संसद सुरळीत अशी फारशी चाललीच नाही. वटहुकुमांवर कारभार करायची सवय तिथून पक्की झाली.

तोडगा निघालाच नाही असं नाही. एका ठिकाणी निघाला, आणि तो नकाशा बाजूला ठेवल्यामुळे निघाला. १९०५ च्या मोराव्हियन तडजोडीत मतदारांच्या झेक आणि जर्मन अशा दोन याद्या केल्या. झेक यादीतला मतदार झेक उमेदवारांमधूनच निवडणार, जर्मन यादीतला जर्मनांमधून. प्रांतिक विधिमंडळाच्या १५१ जागांपैकी ७३ झेकांना, ४० जर्मनांना, बाकी जमीनदार वगैरेंना. निवडणुकीतली राष्ट्राराष्ट्रांमधली झुंज त्यामुळे संपली. पण या औषधाचंही दुखणं होतं. प्रत्येकाला कुठल्या तरी एका यादीत बसणं भाग. घरात दोन्ही भाषा बोलणाऱ्यांनी काय करायचं? ज्यूंना वेगळी यादी नव्हती. शाळांसाठी कलम असं की मूल त्याच भाषेच्या शाळेत घालावं जी त्याला येते. त्याचा आधार घेऊन झेक शाळा मंडळं जर्मन शाळेत गेलेल्या पोरांवर हक्क सांगू लागली, मग पोराची परीक्षा, तक्रार, आणि प्रकरण थेट व्हिएन्नाच्या प्रशासकीय न्यायालयापर्यंत. बापाचं म्हणणं काय, याला किंमत कमीच. तरीही मोराव्हियात १९१४ पर्यंत विधिमंडळ चाललं, बोहेमियातलं १९१३ मध्ये बरखास्त करावं लागलं, एवढा फरक पडला.

हंगेरीच्या बाजूच्या स्लावांबद्दल थोडक्यात. क्रोएशियाला १८६८ च्या करारानं स्वतःचं विधिमंडळ मिळालं, पण बान नेमला जाई बुडापेस्टच्या सल्ल्यानं आणि तिजोरीच्या किल्ल्याही तिथेच. स्लोव्हाकांनी १८६१ मध्ये मार्टिन गावी भरून केवळ वेगळा जिल्हा आणि भाषेचा हक्क मागितला, त्यांना वाटाण्याच्या अक्षता लागल्या. १८६३ मध्ये स्थापन झालेली त्यांची ‘मातित्सा’ ही सांस्कृतिक संस्था १८७५ मध्ये सरकारनं बंद केली, तीन माध्यमिक शाळाही त्याच सुमारास गेल्या. ऑस्ट्रियात कटकट फार होती पण श्वास घेता येत होता, हंगेरीत तोही कोंडला.

आणि एवढं सगळं होऊनही १९१४ मध्ये स्वातंत्र्य मागणारे मूठभरच होते. झेक पुढारी मासारिक महायुद्ध सुरू झाल्यावर त्या डिसेंबरात देश सोडून गेला, तोवर तोही साम्राज्य सुधारू पाहणाराच. ३० मे १९१७ रोजी संसद पुन्हा भरली तेव्हाही झेक आणि दक्षिण स्लाव खासदारांनी आपापली एकसंध राज्यं मागितली ती हॅब्सबर्ग छत्राखालीच. जानेवारी १९१८ च्या झेक जाहीरनाम्यात मात्र राजघराण्याचं नाव उरलं नाही. मधल्या काळात उपासमार झाली होती, फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या होत्या आणि रशियात झार संपला होता. झारची भीती गेली, तसं पालात्स्कीच्या पत्रातलं ऑस्ट्रियाला धरून राहण्याचं कारणही गेलं.

१६ ऑक्टोबर १९१८ ला सम्राट कार्लनं अखेर संघराज्याची घोषणा केली, पण फक्त ऑस्ट्रियन भागासाठी. हंगेरीच्या सीमेला हात लावला नाही, म्हणजे स्लोव्हाक आणि क्रोएशियातले क्रोएट बाहेरच. बारा दिवसांनी प्रागमध्ये चेकोस्लोव्हाकियाची स्थापना झाली. नव्या राज्यानं बोहेमियाची सीमा जुन्या राज्याच्या हक्कानं घेतली आणि स्लोव्हाकिया भाषेच्या हक्कानं. दुसऱ्याच दिवशी, २९ ऑक्टोबरला, बोहेमियाच्या जर्मन खासदारांनी लिबेरेत्सला राजधानी ठरवून आपला वेगळा प्रांत जाहीर केला आणि स्वयंनिर्णय मागितला. डिसेंबरात प्रागनं तिथं सैन्य पाठवलं.